राईच्या कोल्ह्यांची लस

बाबा,

राई गावाच्या खाडीच्या बांधावर मी ठेवलेली आमिषं कोल्ह्यांनी खाल्ली. आज सकाळी कॅमेरे काढून आणले, जनावरांच्या डॉक्टरबाईंच्या लॅपटॉपवर सगळं बघितलं, आणि घरी येऊन हा कागद घेऊन बसलेय. आमिषं म्हणजे आमिषंच, तुम्ही टाकायचात तशी, उग्र वासाची, जनावराच्या रोजच्या वाटेवर, हातमोजे घालून ठेवलेली. फरक एवढाच की माझं खाऊन एकही मेला नाही. मरणार नव्हताच, कारण आत विष नव्हतं, रेबीजची लस होती. तुम्ही जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, तरी हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडायची नाही. खाली मीरा रोडचे रिक्षावाले 'स्टेशन, स्टेशन' करून घसा फोडतायत, सुनेने ठेवलेला चहा निवून गेलाय, आणि मी पन्नाशीची बाई मेलेल्या बापाशी भांडायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणा काय म्हणायचं ते. आज तुमचं बोलून झालं तरी मी थांबणार नाही.

तुमचं काम काय, हे मी शाळेत कधी धड सांगितलं नाही. बाईंनी विचारलं की 'औषध फवारतात' म्हणायचे, म्हणजे त्यांना डासांचं वाटायचं. खरं तर आसपासच्या गावांत कुत्री फार झाली, कुणाला चावली, की पंचांचा निरोप यायचा. आदल्या संध्याकाळी तुम्ही खाटकाकडून उरलेसुरले तुकडे आणायचात. आई स्टोव्ह उचलून चाळीच्या गॅलरीत ठेवायची, आत शिजवू द्यायची नाही. त्या पातेल्याच्या कानाला तिने लाल चिंधी बांधलेली, आणि आम्ही भावंडांनी त्याच्या सावलीलाही जायचं नाही अशी ताकीद. तुम्ही उकिडवे बसून तुकडे कापताय, सुपारीएवढे, एकसारखे, आणि मी दाराच्या फटीतून बघतेय. एकदा तुमचं लक्ष गेलं. ओरडाल वाटलं, पण तुम्ही समजावून सांगितलंत. तुकडा लहान पाहिजे, म्हणालात, म्हणजे जनावर न चावता गिळतं. चावलं की कडू लागतं, कडू लागलं की थुंकतं, आणि एकदा थुंकलेलं जनावर जन्मात पुन्हा तोंड लावत नाही. सुतार पोरीला रंधा समजावून सांगेल तितक्या शांतपणे सांगत होतात. मला तुमचा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

तर माझी आमिषं साबणाच्या वडीएवढी असतात. मुद्दाम. मासळीची भुकटी आणि चरबीची वडी, तिच्या पोटात पातळ लसीची पुडी. कोल्ह्याने ती न चावता गिळली तर लस पोटात जाऊन फुकट जाते. त्याने चावली पाहिजे, पुडी तोंडात फुटली पाहिजे, लस जिभेला, घशाला लागली पाहिजे, तरच ती लागू होते. तुम्हाला गिळायला हवं होतं, मला चावायला हवं आहे. पहिल्यांदा डॉक्टरबाईंनी वडी हातात दिली तेव्हा मी म्हटलं, हिला जरा मोठी करा, आणि वरून जवळ्याची पूड लावा, इथल्या कोल्ह्यांना खाडीच्या वासाची सवय आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसरचं काम केलेली बाई हे कुठे शिकली, असं त्यांना वाटलं असणार. त्या नागपूरच्या, कोल्ह्यांना लस द्यायच्या कामावर इथे आलेल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी सांगितलं नाही.

पण तुमच्या शिकवण्यातलं एक कलम मी तुमच्याविरुद्ध वापरलं होतं, ते आठवतंय ना? मी दहा वर्षांची. चाळीच्या जिन्याखाली एक भुरी कुत्री राहायची, एक कान तुटका. आपल्याच वाडीचं बोलावणं आलं होतं तुम्हाला. तुम्हीच एकदा म्हणाला होतात की भरल्या पोटी जनावर आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून त्या पहाटे मी भाताचं पातेलं, कालचं बांगड्याचं कालवण, आईने झाकून ठेवलेल्या भाकऱ्या, सगळं तिच्यापुढे ओतलं. ती खाऊन पसरली. तुमचा तुकडा तिने हुंगला आणि तशीच आडवी झाली. दुपारी तुम्ही घरी आलात, रिकामं पातेलं बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. हात उगारला नाहीत. एवढंच म्हणालात, "तुझ्यापायी मला दोनदा जावं लागणार." आणि आईला बजावलंत की दोन दिवस घरातलं शितसुद्धा बाहेर जाता कामा नये. दोन दिवसांनी ती जिन्याखाली ताठ होऊन पडलेली होती, मी शाळेत जाताना तिला ओलांडून गेले. संध्याकाळी तुम्ही भाईंदरच्या केबिन रोडवरून माझ्यासाठी लाल पट्ट्यांच्या चपला आणल्यात. मी त्या पायात घातल्या नाहीत. माझे पाय मोठे होईपर्यंत त्या कपाटाखाली पडून होत्या, शेवटी आईने कुणाला तरी देऊन टाकल्या.

एवढं सगळं माहीत असून मी पहिल्या खेपेला माती खाल्ली, हे सांगायला मला लाज नाही. भाद्रपदात आम्ही नुसती आमिषं ठेवून बघायची ठरवली, आत लस नाही, फक्त कोण खातं ते बघायचं. डॉक्टरबाईंनी भरती-ओहोटीचा तक्ता बघून दिवस काढला. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी, बांधावर चढत नाही, आमिष वाहून जात नाही. हिशोब बिनचूक. फक्त ती नवमी पितृपक्षातली होती, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या. अख्ख्या राईने त्याच बांधावर पितरांची पानं मांडलेली. भात, वडे, खीर, कुणाच्या सासऱ्याला आवडायचे म्हणून भाजलेले बोंबील. कॅमेऱ्यात काय दिसावं? खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतून कोल्ह्यांचं जोडपं येतं, पानामागून पान साफ करतं, आमच्या वडीवर नाक टेकवतं आणि ढेकर दिल्यासारखं तोंड करून निघून जातं. आमच्या वड्या खेकड्यांनी पोखरल्या, उरल्या त्या कावळ्यांनी नेल्या. बांधाच्या टोकाच्या घरात एक म्हातारी राहते, सुकी मासळी विकते, तिला हे दाखवलं तर ती हसून हसून खाली बसली. "आमच्या पितरांचा जेवला नि मंग तुमचा साबन खाल काय त्यो?" म्हणाली. मी पण हसले. पण बाबा, दहाव्या वर्षी जे कळत होतं ते पन्नासाव्या वर्षी विसरले, याचा राग रिक्षात बसून मीरा रोडपर्यंत पुरला.

दिवाळीनंतर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. एक कोल्हा भरदिवसा गावात शिरला आणि अंगणात जाळं शिवत बसलेल्या माणसाच्या पोटरीला चावला. दुसऱ्या दिवशी तो मिठागरात मरून पडलेला सापडला, तपासणीत रेबीजच निघाला. माणसाने लगेच जखम साबणाने धुतली, इस्पितळात जाऊन सगळी इंजेक्शनं घेतली, आज तो ठणठणीत आहे. पण गाव पेटलं. देवळाच्या मंडपात सभा बसली. विषय एकच, तिवरांत विष टाकायचं, कोंबड्यांच्या मांसात घालून, आणि कोल्ह्यांचं मूळच उपटायचं. आम्हाला बोलावलं ते ऐकायला नव्हे, तुमची नाटकं बंद करा हे सांगायला. त्या दिवशी गाव हातचं गेलं असतं तर कोल्हे तर मेलेच असते, वर त्या मांसावर तुटून पडणारी कुत्री, मांजरं, घारीही मेल्या असत्या, आणि वर्षभरात नवा रोगी कोल्हा खाडी ओलांडून आलाच असता. डॉक्टरबाई शुद्ध भाषेत हे समजावत होत्या आणि माणसं मोबाइल बघत होती.

चावलेल्याचा भाऊ उठला. "मॅडम, ये सब लस-बिस तुमच्या मीरा रोडला चालतं. आमच्याकडे पूर्वी भाईंदरवरनं एक मानूस यायचा. गमबूट घालून, खांद्याला पिशवी. एका सकाली सगला साफ करायचा. असा मानूस आता न्हाय राह्यला."

माना डोलल्या. एक म्हातारा म्हणाला, "देवमानूस व्हता." माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! इतकी वर्षं मी तुमचं काम लपवत आले, आणि इथे भर मंडपात तुमची आरती चाललेली. मी उठले. माझी बोलायची पाळी नव्हती, डॉक्टरबाईंनी पदर धरून खाली ओढलं, तरी उठले.

"तो माणूस माझा बाप," मी म्हटलं.

मोबाइल खाली गेले. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "किती वेळा आला होता तो या गावात?" तो म्हणाला, आला असेल दोन-तीनदा. "तीनदा," मी म्हटलं. "तीन वर्षांत तीनदा. राईचं काम झालं की येताना ओला जवळा आणायचा, आई त्याचं कालवण करायची, आणि मी ते खायचे नाही. म्हणून लक्षात आहे. आता मला सांगा, एका सकाळी सगळं साफ होत होतं, तर पुढच्या वर्षी परत का बोलावलंत? आणि त्याच्या पुढच्या वर्षी?"

मी थांबले नाही. सांगितलं की गावातली कुत्री मेली तरी गावातला कचरा तिथेच राहिला, कोंबडीवाल्याची आतडी तिथेच राहिली, मग ती जागा रिकामी कोण ठेवणार? उत्तनकडची आली, हायवेकडची आली, अनोळखी, रोगी-निरोगी कुणास ठाऊक. पुन्हा चावा, पुन्हा पंचांचा निरोप, पुन्हा माझ्या आईचा स्टोव्ह गॅलरीत. ये रे माझ्या मागल्या. तिवरांतला कोल्हा मारलात तर तेच होणार. त्यापेक्षा त्याला लस द्या. लस घेतलेला कोल्हा आपली जागा धरून बसतो, परक्याला आत शिरू देत नाही, आणि स्वतः पिसाळत नाही. तुमच्या बांधाला फुकटचा राखणदार मिळतोय आणि तुम्ही त्यालाच विष घालायला निघालात. माझा आवाज चढला होता. हात तुमच्यासारखे हलत होते, बोट वर करून, हे मला बोलता बोलता दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

तेव्हा ती सुकी मासळी विकणारी आजी मागून म्हणाली, "म्हंजे तुजा बाप चुकत व्हता म्हनतेस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो. चुकत होता. मनापासून करायचा, पण चुकत होता."

बाबा, तुमच्या तोंडावर हे कधी बोलले नव्हते. चपला घातल्या नाहीत, कालवण खाल्लं नाही, लग्नानंतर सणाला आले तरी तुमच्या कामाचा विषय निघाला की भांडी घासायला उठले, पण शब्दाने कधी बोलले नाही. बोलले ती परक्या गावात, पन्नास माणसांसमोर. आणि बरं वाटलं. अगदी मोकळं वाटलं. आजी उठली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोटच्या पोरीनी सांगलंय, मंग आयका की जरा." तिच्या शब्दाला गावात वजन आहे. मार्गशीर्ष संपेपर्यंत विष टाकायचं नाही, एवढं कबूल झालं. तोवर आमच्या लसीने काही करून दाखवलं नाही तर ते त्यांच्या मनाला येईल ते करणार.

मग मी तुमच्या पद्धतीने कामाला लागले. आधी भूक. आठ दिवस बांधावर कुणी काही टाकायचं नाही. कोंबडीवाल्याला हिंदीत हातापाया पडून सांगितलं, तो म्हणाला, "दीदी, मेरा कचरा मैं बोरी में भर के गाड़ी को दूँगा, बस?" आणि दिला. आजी दारोदार फिरली, उष्टं-खरकटं परसात टाकणाऱ्या सुनांना तिने जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. अष्टमी आली, भांगाचं पाणी. ऊन कलताना आम्ही दोघी बांधावर. तिवरं जिथे मिठागराला लागतात तिथे कोल्हा वळतो, कारण तिथे त्याला दोन्हीकडचं दिसतं, हेही तुमचंच. डॉक्टरबाई बांधाच्या मधोमध ठेवत होत्या, मी त्यांना कडेला ठेवायला लावलं. खेकडे चढतात म्हणून प्रत्येक वडी पालथ्या करवंटीवर. गावात पाट्या लावल्या, सापडली तर हात लावू नका, फुटून अंगाला लागली तर साबणाने धुवा आणि आम्हाला फोन करा. तुम्ही कधी पाटी लावली नव्हतीत.

आणि आज बघितलं. तेच जोडपं. मादी पुढे, वडी तोंडात घेते, मान तिरकी करून दाढेखाली धरते, आणि चावते. पुडी फुटल्यावर तिच्या ओठांवर ओघळ आलेला दिसतो, ती जीभ फिरवते, दुसरी वडी शोधते. डॉक्टरबाई टाळ्या वाजवायला लागल्या. पुढे पकडून रक्त तपासायचं आहे, सगळ्यांनी खाल्लं का बघायचं आहे, दर वर्षी करावं लागणार आहे, मला माहीत आहे. तरी मी तो लॅपटॉप तसाच उघडा घेऊन राईला गेले आणि मंडपात सगळ्यांना दाखवला. चावलेल्याच्या भावाने दोनदा बघितलं, म्हणाला, "ठीक हाय. पुढच्या वर्षीबी टाका." तुम्हाला देवमाणूस म्हणणाऱ्या गावात हे ऐकलं, बाबा, तुमच्याच माणसांकडून.

आता जे राहिलं ते लिहिते, म्हणजे हा कागद फाडायला मोकळी.

निघताना आजी मला बांधापर्यंत पोचवायला आली. जवळ्याची पुरचुंडी हातात कोंबली. मग म्हणाली, "येक इचारू? तुज्या बापाला जनावराचा येवढा राग कशाचा गो व्हता? मी बघलंय त्याला. तुकडा टाकून झाला ना, तरी जायचा न्हाय. मरेपर्यंत उभा राह्याचा."

तुम्ही ते मला एकदाच सांगितलं होतंत, शेवटच्या दुखण्यात, आई झोपलेली असताना. रायगडातलं गाव, तुम्ही चौदा वर्षांचे, तुमची धाकटी बहीण आठ वर्षांची. बांधावर कोल्हा चावला. वैदूने मुळी उगाळून लावली, ताईत बांधला, आजोबा म्हणाले आता बरी होईल. महिन्याभराने ती पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागली. तिला बाजेला बांधली, आणि धरून ठेवायला तुम्हाला बसवलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला ते बघवेना. दोन दिवस. "मधेच शुद्धीवर यायची," तुम्ही म्हणालात. "दादा, सोड ना, म्हणायची. मला ओळखत होती गं. शेवटपर्यंत ओळखत होती." त्यानंतर तुम्ही भिंतीकडे वळलात आणि आपण पुन्हा त्याबद्दल बोललो नाही.

हे मी मंडपात बोलले असते तर बायांनी डोळ्याला पदर लावले असते, माणसं तुमच्या बाजूने उठली असती, आणि तिवरांत विष पडलं असतं. म्हणून गप्प बसले. त्याचं मला काही वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा गप्प बसेन, तुमच्या बहिणीची शपथ घालून कुणी विचारलं तरी. पण आजीने विचारलं तेव्हा सभा नव्हती. गाव माझ्या बाजूला होतं, कोल्ह्यांनी लस खाल्लेली होती, जिंकायचं काहीच उरलं नव्हतं. बांधावर आम्ही दोघीच होतो आणि ती तुमच्याबद्दल मायेने विचारत होती.

मी म्हटलं, "कामच होतं ना त्यांचं." आणि रिक्षा थांबवली.